इथरनेट स्विचमधील वाहतूक नियमन व देखरेख : सुविधा, कार्यपद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना

दि. १३ नोव्हेंबर २००२ रोजी दुपारी अमेरिकेतील बोस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयाचे संगणकजाळे मंदावले आणि थोड्याच अवधीत ठप्प झाले. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या रुग्णालयात औषधांच्या सूचना व प्रयोगशाळेचे अहवाल संगणकावरूनच जात-येत असत. पुढील सुमारे चार दिवस जाळे पूर्ववत होऊ शकले नाही व डॉक्टर-परिचारिकांना पुन्हा कागदाचा आश्रय घ्यावा लागला. यामागे बाहेरून झालेला हल्ला नव्हता. एका संशोधकाच्या फाइल-देवाणघेवाणीच्या प्रयोगातून माहितीचा मोठा लोंढा जाळ्यात शिरला आणि स्विचेसमधील परस्पर समन्वय त्या लोंढ्यात कोलमडला. रुग्णालयाचे तत्कालीन मुख्य माहिती अधिकारी जॉन हलम्का यांनी ही घटना झाकून न ठेवता तपशिलासह जगापुढे मांडली. म्हणूनच ती आज अभ्यासास उपलब्ध आहे.

महाविद्यालयाच्या आवारात असा प्रसंग कोणाच्या जिवावर बेतत नाही. तथापि ऑनलाइन परीक्षा सुरू असताना किंवा प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी जाळे कोसळले तर होणारे नुकसान विद्यार्थ्यांनाच सोसावे लागते. या जाळ्याचा सर्व भार ज्या पेट्यांवर असतो त्या स्विचेसची खरेदी मात्र बहुधा दोनच निकषांवर होते : पोर्ट किती व किंमत किती. नियमन आणि देखरेखीच्या ज्या सुविधांमुळे व्यवस्थापनक्षम स्विच साध्या स्विचहून महाग पडतो, त्या अनेकदा पेटीत तशाच निद्रिस्त राहतात. प्रस्तुत लेखात या सुविधांचे कार्य कसे चालते, त्या कोठे उपयोगी पडतात आणि कोठे फसवतात, याचे विवेचन केले आहे.

हबकडून स्विचकडे

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात एका टिपणाद्वारे मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने उभारलेल्या पहिल्या प्रायोगिक जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट इतका होता. त्या जाळ्यात एकच तार सर्वांच्या सामायिक मालकीची असे. एकाने बोलावे व इतरांनी ऐकावे, दोघे एकदम बोलल्यास दोघांनीही थांबून पुन्हा प्रयत्न करावा, असा त्याचा शिरस्ता होता. पुढे आलेल्या हबनेही हाच शिरस्ता पाळला. एका पोर्टवर आलेली फ्रेम तो उरलेल्या सर्व पोर्टवर पाठवीत असे.

१९९० मध्ये ‘कल्पना’ हे भारतीय नाव धारण करणाऱ्या अमेरिकन कंपनीने सात पोर्टचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली. स्विच प्रत्येक फ्रेममधील प्रेषकाचा पत्ता वाचतो व तो कोणत्या पोर्टमागे आहे याची नोंद एका तक्त्यात करतो. त्यानंतर त्या पत्त्यावर जाणारी फ्रेम केवळ त्याच पोर्टवर सोडली जाते. पत्ता अनोळखी असेल तर मात्र स्विच हबसारखा वागतो आणि फ्रेम सर्वत्र पसरवतो. बराच काळ न आढळलेली नोंद (सामान्यतः ३०० सेकंदांनंतर) तक्त्यातून पुसली जाते.

या सुधारणेची एक किंमत मोजावी लागली व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. हबच्या काळात कोणत्याही पोर्टवर एक संगणक जोडला की संपूर्ण जाळ्यातील वाहतूक पाहता येत असे. स्विचने वाहतूक शिस्तीत आणली, पण त्याच कृतीने ती दृष्टीआड केली. पुढे ज्या देखरेखीच्या सुविधांचा विचार केला आहे, त्या या हरवलेल्या दृष्टीची भरपाई करतात.

वर्तुळ आणि वादळ

इंटरनेटच्या प्रत्येक पॅकेटमध्ये आयुष्य मोजणारा एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट नष्ट केले जाते. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडा नाही. त्यामुळे दोन स्विच चुकून दोन तारांनी जोडले गेले, किंवा भिंतीवरील दोन सॉकेटमध्ये एकाच तारेची दोन्ही टोके कोणी सद्भावनेने खोचून ठेवली, तर तयार होणाऱ्या वर्तुळात ब्रॉडकास्ट फ्रेम अखंड फिरत राहते. प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सर्व पोर्टवर जातात. शंभर मेगाबिटच्या दुव्यावर ६४ बाइटच्या लहानात लहान फ्रेम सेकंदाला सुमारे १,४८,८१० इतक्या मावतात. गिगाबिट दुव्यावर त्याच्या दहापट. ब्रॉडकास्ट असल्यामुळे जाळ्यातील प्रत्येक संगणकास त्यातील प्रत्येक फ्रेमची दखल घ्यावी लागते. यासच ‘ब्रॉडकास्टचे वादळ’ म्हणतात.

वर्तुळे टाळण्याची पद्धत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन येथे शोधून काढली. ‘स्पॅनिंग ट्री’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. सर्व स्विच आपसांत लहान संदेशांची देवाणघेवाण करून एक मूळ स्विच निवडतात आणि त्यापासून झाडासारखा आराखडा तयार करतात. ज्या दुव्यांमुळे वर्तुळ होईल ते दुवे बंद ठेवले जातात. चालू दुवा तुटल्यास बंद दुवा उघडतो. मूळ पद्धतीत हे संदेश दर २ सेकंदांनी जातात. २० सेकंद संदेश न आल्यास शेजारी गेला असे गृहीत धरले जाते व १५ अधिक १५ सेकंदांच्या प्रतीक्षेनंतर बंद पोर्ट खुले होते.

या पद्धतीतील दुबळा धागा याच गृहीतकात आहे. संदेश न येणे म्हणजे शेजारी नाहीसा होणे, असे स्विच मानतो. परंतु शेजारी जिवंत असूनही गर्दीमुळे त्याचा संदेश पोहोचला नसेल तर? तेव्हा बंद ठेवलेला दुवा उघडतो, वर्तुळ पूर्ण होते, गर्दी आणखी वाढते आणि उरलेसुरले संदेशही बुडतात. जो उपाय गर्दीपासून वाचवण्यासाठी योजला तोच गर्दीत उलटतो. शिवाय २०, १५ ही मूलभूत मूल्ये जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा अधिक स्विच नाहीत या हिशेबाने ठरविलेली आहेत. बोस्टनच्या रुग्णालयाचे जाळे वर्षानुवर्षे जोड देत वाढले होते व ही मर्यादा त्याने ओलांडलेली होती. ती ओलांडली आहे हे कोणास जाणवले नाही, कारण नेहमीच्या भाराखाली जाळे सुरळीत चालत होते. पुढे एकसंध जाळ्याऐवजी राउटिंगने विभागलेली रचना स्वीकारण्यात आली.

२००१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘रॅपिड स्पॅनिंग ट्री’मुळे पुनर्रचनेचा अवधी पुष्कळच घटला आहे. त्याच्या जोडीला ‘स्टॉर्म कंट्रोल’ ही सुविधा येते. एखाद्या पोर्टवरील ब्रॉडकास्टचे प्रमाण ठराविक टक्केवारीच्या वा ठराविक फ्रेमसंख्येच्या वर गेले की जास्तीच्या फ्रेम टाकून दिल्या जातात किंवा पोर्टच बंद केले जाते. ही मर्यादा किती ठेवावी याचे उत्तर मात्र माहितीपुस्तिकेत सापडत नाही. ती फार कमी ठेवल्यास सकाळी प्रयोगशाळेतील साठ संगणक एकदम सुरू होताच त्यांच्या आयपी पत्त्याच्या रास्त मागण्याही वादळात जमा होतात. यास्तव प्रथम काही आठवडे नेहमीचे प्रमाण मोजावे आणि नंतरच मर्यादा घालावी. संगणक जोडलेल्या पोर्टला ‘एज पोर्ट’ म्हणून घोषित करणे व तेथे स्पॅनिंग ट्रीचा संदेश आढळल्यास ते पोर्ट बंद करणे, ही तरतूद टेबलाखाली गुपचूप जोडलेल्या स्वस्त स्विचपासून मोठे संरक्षण देते.

रांगा आणि अग्रक्रम

जाळ्याचा वेग भरपूर असेल तर रांगेची गरजच काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोन गिगाबिट पोर्टवरून येणारी वाहतूक एकाच गिगाबिट पोर्टकडे निघाली की सेकंदाला एक गिगाबिट इतकी वाहतूक अतिरिक्त ठरते. बाहेर जाणाऱ्या पोर्टपाशी १० लाख बाइटची साठवण असेल तर ती अवघ्या ८ मिलिसेकंदांत भरते. नवव्या मिलिसेकंदापासून फ्रेम गळू लागतात. ही गर्दी इतकी अल्पकालीन असते की दैनंदिन आलेखात तिचा मागमूसही दिसत नाही.

फ्रेम गळाली तर फाइलच्या प्रेषणास फारसा धोका नसतो. टीसीपी ती पुन्हा मागवतो. दूरध्वनी संभाषणाचे तसे नाही. प्रचलित जी.७११ पद्धतीत २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये भरला जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट जातात. उशिरा आलेले पॅकेट गळालेल्याइतकेच निरुपयोगी ठरते. शंभर मेगाबिटच्या पोर्टवर वरील साठवण पूर्ण भरलेली असेल, तर रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटला ८० मिलिसेकंद थांबावे लागते. बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एका स्विचनेच खाल्ला.

यावरील उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक रांगा. व्हीलॅनच्या खुणेत अग्रक्रमासाठी ३ बिट राखून ठेवलेले आहेत, म्हणजे ० ते ७ असे आठ स्तर होतात. येथे एक गमतीदार फसगत संभवते. सर्वसाधारण वाहतुकीचा स्तर ० असतो; पण १ हा त्याच्या वरचा नसून खालचा स्तर आहे, कारण तो पार्श्वभूमीवर सावकाश चालणाऱ्या कामांसाठी राखीव आहे. महत्त्वाच्या विभागाला ‘थोडा वरचा’ दर्जा द्यावा म्हणून १ हा आकडा देणाऱ्या व्यवस्थापकाने त्या विभागास प्रत्यक्षात सर्वांत मागे उभे केलेले असते!

रांगांची सेवा दोन प्रकारे करता येते. कडक अग्रक्रमात वरची रांग रिकामी होईपर्यंत खालच्या रांगेकडे पाहिलेच जात नाही. वरच्या रांगेत वाहतूक अखंड असेल तर खालच्या रांगेची उपासमार होते. भारित पद्धतीत प्रत्येक रांगेला ठरलेल्या प्रमाणात वाटा मिळतो. आवाजासारखी मोजकी वाहतूक कडक अग्रक्रमात आणि उर्वरित भारित पद्धतीत, ही मिश्र व्यवस्था सर्वांत व्यवहार्य ठरते. अग्रक्रमाची खूण कोणाची मानावी हा प्रश्न याहून अवघड आहे. संगणकाने स्वतःहून लावलेली खूण स्विचने निमूटपणे मान्य केली, तर एखाद्या हुशार विद्यार्थ्याचा चित्रपट प्राचार्यांच्या दूरध्वनीच्या रांगेत जाऊन बसेल. म्हणून खुणा स्विचच्या कडेलाच पुसून नव्याने लावाव्यात. अर्थात कोणत्याही अग्रक्रमाने तारेची क्षमता वाढत नाही. तोटा कोणाच्या वाट्याला यावा एवढेच तो ठरवतो.

वेगमर्यादा, विराम आणि विभागणी

पोर्टवर वेगमर्यादा घालण्याचे दोन मार्ग आहेत. एकात मर्यादेबाहेरील फ्रेम तत्काळ टाकल्या जातात. दुसऱ्यात त्या साठवून सावकाश सोडल्या जातात. पहिल्यात नुकसान, दुसऱ्यात विलंब. वसतिगृहाच्या पोर्टवर यांपैकी काहीही चालेल. दूरध्वनीच्या पोर्टवर दोन्ही घातकच.

१९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या विराम-फ्रेमची सुविधा अधिक सावधपणे हाताळावी लागते. साठवण भरत आलेला स्विच समोरच्या यंत्रास ‘थांबा’ असा संदेश देतो. गिगाबिट दुव्यावर एका संदेशाने कमाल ३३.५ मिलिसेकंद थांबवता येते. हेतू चांगला असला तरी थांबणारे यंत्र सर्वच वाहतूक थांबवते. एका मंद संगणकामुळे सर्व्हर थांबला की इतर शंभर संगणकांचाही खोळंबा होतो. दोन स्विचमधील मुख्य दुव्यावर म्हणूनच ही सुविधा बंद ठेवणे श्रेयस्कर. अनेक तारा एकत्र करून एक दुवा बनविण्याच्या सुविधेबाबतही एक गैरसमज आहे : चार गिगाबिट तारा जोडल्या तरी एका संभाषणास एकाच तारेचा वेग मिळतो, कारण फ्रेमचा क्रम बिघडू नये म्हणून एक संभाषण एकाच तारेवर ठेवले जाते.

व्हीलॅनमुळे एका स्विचचे अनेक स्वतंत्र जाळ्यांत विभाजन होते. क्रमांकासाठी १२ बिट असल्याने ४,०९४ व्हीलॅन वापरता येतात. कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा व वसतिगृह यांचे ब्रॉडकास्ट परस्परांपासून वेगळे ठेवणे हाच महाविद्यालयासाठी त्याचा पहिला लाभ होय. मल्टिकास्टसाठी ‘आयजीएमपी स्नूपिंग’ ही सुविधा आहे. प्रयोगशाळेतील चाळीस संगणकांवर एकच प्रतिमा मल्टिकास्टने बसवताना ही सुविधा नसेल, तर तो सगळा ओघ त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर, वायरलेस उपकरणांवरसुद्धा ओतला जातो. ती असेल तर स्विच सभासदत्वाचे संदेश ऐकून फक्त मागणाऱ्यांनाच फ्रेम देतो. मात्र ‘अजून कोण सभासद आहे?’ अशी विचारणा करणारे यंत्र जाळ्यात असावे लागते. ते नसल्यास सभासदत्व २६० सेकंदांच्या मूलभूत मुदतीनंतर संपते, आणि सव्वाचार मिनिटे उत्तम चाललेले काम अचानक बंद पडते. दोष मग संगणकांत शोधला जातो.

गणक काय सांगतात

प्रत्येक व्यवस्थापनक्षम स्विचच्या प्रत्येक पोर्टपाशी गणक असतात : किती बाइट आले, किती गेले, किती फ्रेम सदोष निघाल्या, किती टाकल्या. १९८८ पासून वापरात आलेल्या एसएनएमपी या पद्धतीने ते दुरून वाचता येतात. टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये निर्माण केलेल्या एमआरटीजी या मुक्त प्रणालीने दर ५ मिनिटांनी गणक वाचून आलेख काढण्याची प्रथा जगभर रूढ केली.

या आलेखात एक जुना सापळा दडलेला आहे. मूळ गणक ३२ बिटचे होते व ते ४,२९,४९,६७,२९६ बाइटनंतर पुन्हा शून्यावर येतात. १० मेगाबिटच्या दुव्यावर पूर्ण भाराने यास सुमारे ५७ मिनिटे लागत. १०० मेगाबिटवर ५ मिनिटे ४३ सेकंद. म्हणजे ५ मिनिटांचे वाचन कसेबसे पुरे पडे. गिगाबिटवर मात्र गणक ३४ सेकंदांत फिरून येतो. दोन वाचनांच्या मध्ये तो अनेकदा फिरला तरी वाचणाऱ्यास कळत नाही आणि तुडुंब भरलेला दुवा आलेखात जवळजवळ रिकामा दिसतो. ६४ बिटचे गणक यासाठीच आले. आजच्या स्विचमध्ये ते असतात. परंतु देखरेखीची प्रणाली जुन्या पद्धतीने जुळवलेली असेल तर ती अजूनही ३२ बिटचेच गणक वाचत राहते.

वाहतुकीच्या आकड्यांपेक्षा दोषांचे आकडे अधिक बोलके असतात. ‘पिंग व्यवस्थित चालते, पण फाइल जात नाही’ ही तक्रार याचे उत्तम उदाहरण आहे. दुव्याच्या एका टोकास वेग व पूर्ण-द्विदिश पद्धत हाताने निश्चित केली आणि दुसरे टोक स्वयंचलित ठेवले, तर स्वयंचलित टोकाला समोरून वाटाघाटीचा संकेत मिळत नाही. ते वेग ओळखते, पण नियमानुसार अर्ध-द्विदिश पद्धत स्वीकारते. मग एक टोक हवे तेव्हा बोलते आणि दुसरे त्याला टक्कर समजते. अर्ध-द्विदिश टोकाच्या गणकात ‘उशिराच्या टकरी’ वाढतात. पूर्ण-द्विदिश टोकाच्या गणकात तुटक व सदोष फ्रेम वाढतात. दोन्ही टोकांचे आकडे शेजारी ठेवले की निदान एका मिनिटात होते. गणक पाहिले नाहीत तर संगणक बदलला जातो, तार बदलली जाते, प्रसंगी नवा स्विच घेतला जातो आणि तक्रार कायम राहते.

आरमॉन, प्रतिबिंब आणि नमुना

एसएनएमपीमध्ये मध्यवर्ती यंत्र सतत विचारणा करते. १९९१ मध्ये आलेल्या आरमॉनने हे काम स्विचकडेच सोपवले. स्विचमध्ये सहसा त्याचे चार गट आढळतात : आकडेवारी, इतिहास, इशारा व घटना. इशाऱ्यासाठी चढती व उतरती अशा दोन मर्यादा ठेवाव्या लागतात. दोष ८० च्या वर गेले की इशारा वाजतो, पण ४० च्या खाली उतरून पुन्हा चढल्याशिवाय तो दुसऱ्यांदा वाजत नाही. ही युक्ती नसती तर ७९ आणि ८१ यांच्यामध्ये हेलकावणाऱ्या पोर्टने व्यवस्थापकाची रात्र घालवली असती, आणि दुसऱ्या दिवशी त्याने इशारेच बंद केले असते.

प्रत्यक्ष फ्रेम पाहायच्या असतील तर एका पोर्टच्या वाहतुकीचे प्रतिबिंब दुसऱ्या पोर्टवर घेता येते. येथे दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. गिगाबिट पोर्टवर जाणारी व येणारी मिळून दोन गिगाबिट वाहतूक होऊ शकते. ती एका गिगाबिट पोर्टवर मावत नाही आणि जास्तीच्या फ्रेम निमूटपणे गळतात. तसेच सदोष फ्रेम स्विच आत घेतानाच टाकून देतो, त्यामुळे त्या प्रतिबिंबात येतच नाहीत. द्विदिश पद्धतीतील वरील विसंगती म्हणूनच प्रतिबिंबात शोधून सापडणार नाही. ती गणकातच दिसते.

प्रतिबिंबाचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. गणक किती बाइट गेले एवढेच सांगतात. प्रतिबिंब कोणी कोणाला काय लिहिले इथपर्यंत पोहोचू शकते. मजकूर सांकेतिक केलेला असला तरी कोण कोणत्या संकेतस्थळाशी किती वेळ जोडलेले होते हे उघड होतेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले आहे. ही सुविधा कोणाच्या लेखी अनुमतीने, कोणत्या पोर्टवर, किती वेळ चालू राहील आणि गोळा झालेली नोंद केव्हा नष्ट केली जाईल, हे महाविद्यालयाने आधीच ठरविलेले असावे. बिघाड ऐन भरात असताना असे नियम कोणी करत बसत नाही.

नमुनापद्धती हा या दोहोंमधील मार्ग आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसफ्लो या पद्धतीत दर काही फ्रेममागे एक फ्रेम यदृच्छेने निवडून तिचा केवळ आरंभीचा भाग नोंदला जातो. अचूकता एकूण वाहतुकीच्या किती टक्के फ्रेम घेतल्या यावर नव्हे, तर विवक्षित प्रकारचे किती नमुने हाती आले यावर अवलंबून असते, हे संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांस सांगावयास नको. एखाद्या प्रकारचे १०० नमुने असतील तर ९५ टक्के विश्वासपातळीवर चूक १९.६ टक्क्यांपर्यंत असू शकते. १०,००० नमुने असतील तर ती २ टक्क्यांच्या आत येते. सर्वाधिक वाहतूक कोणाची, हे यातून उत्तम कळते. एकदाच घडलेली बारीक घटना निसटते.

या सर्व सुविधा ज्या दाराने वापरल्या जातात ते व्यवस्थापनाचे दार स्वतः सुरक्षित असणे आवश्यक आहे. एसएनएमपीच्या पहिल्या दोन प्रचलित आवृत्त्यांत परवलीचा शब्द जाळ्यावरून उघडा जातो, आणि अनेक उपकरणांत तो कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा ठेवलेला असे. ओळख-पडताळणी व सांकेतिकीकरण असलेली तिसरी आवृत्ती २००२ मध्ये पूर्ण प्रमाणित झाली. नवीन स्विच कपाटात बसवताना हा शब्द बदलणे, तिसरी आवृत्ती सुरू करणे आणि व्यवस्थापनासाठी विद्यार्थ्यांच्या जाळ्याहून वेगळा व्हीलॅन ठेवणे, ही तीन कामे पहिल्या तासातच करावयाची आहेत; त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.